राखेचा आकडा

३ नोव्हेंबर
म्हणे चौतीस टक्के राखेचा कोळसा! खाणीच्या कागदावर. वॅगनमधला मी स्वतः हातात घेतला — निम्मी दगडमाती. नमुना लॅबला दिला. पुंडलिक सर म्हणाले, "सुलेखा, कागद आहे ना? मग नसती उठाठेव कशाला?" मालकांना लासूर स्टेशनजवळ कोळशावरचं वीजकेंद्र उभं करायचंय. एक युनिट केवढ्याला पडेल ते मी सांगायचं. कागदावरचंच उतरवायचं तर मला पगार कशाचा देतात?

७ नोव्हेंबर
लॅबचा निकाल आला. राख चव्वेचाळीस टक्के. म्हणजे तेवढ्याच विजेला कोळसा जास्त, राख जास्त, ती साठवायचा तलाव मोठा. युनिट सहा रुपयांच्या वर गेलं. सर वैतागले. मला बरं वाटलं. हिशोब खरा निघाला की जेवण गोड लागतं.

१० नोव्हेंबर
सरांनी नकाशा पसरला. "तुमच्या आकड्यानं तलाव घेतलेल्या जमिनीत मावत नाही. शेजारचं गायरान घेऊ. सरकारी आहे. कसणाऱ्यांकडं सातबारा नाही, मोबदल्याचा प्रश्नच नाही. जमिनीपुढं शून्य लिहा."

त्या शून्यात आईचं शेत आहे. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांचीच आहेत. बापानं ते गायरान कसलं म्हणून जेल भोगली. गावातल्यांनी उभ्या पिकात गुरं घातली, तरी हटला नाही. तो गेल्यावर आई तिथंच तूर-बाजरी करते. तिला दुसरं काही नाही. सरांना सांगायला उठले, तशीच परत जागेवर बसले. सर चहा मागवत होते.

१२ नोव्हेंबर
ऑफिसला गेले. काहीच केलं नाही.

१६ नोव्हेंबर
आईकडं जाऊन आले. तुरीच्या शेंगा भरायला लागल्यात. "असं त्वांड काहून पाडलंय? सायब बोलला काय?" म्हटलं, नाय. "मंग खा की." शेंगा उकडून पुढं ठेवल्या. म्हटलं, शहरात चल माझ्याकडं राहायला. "अन् हे कुणाच्या नावावर सोडू? माझ्या तरी नावावर हाय का!" लई हसली. न सांगताच निघाले. बसमध्ये रडले.

१७ नोव्हेंबर
केलं एकदाचं. चव्वेचाळीस खोडले, खाणीचे चौतीस टाकले. तलाव जुन्याच जमिनीत मावला, गायरान सुटलं. युनिट पाचच्या आत. सर म्हणाले, "आता कसं शहाण्यासारखं!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं लिहिलं. लाज वाटतेय. पण आईचं शेत वाचलं. माझं इमान गेलं खड्ड्यात!

२१ नोव्हेंबर
नीट जेवले आज.

२८ नोव्हेंबर
सर पेढे घेऊन आले. सहाचा भाव ऐकून मालकांनी कोळशाचा नादच सोडला होता म्हणे. पाचच्या आत दिसल्यावर वीज बनवायचे एकाऐवजी दोन संच धरलेत. राख दुप्पट. गायरान घ्यावंच लागणार.

दुपारी आईचा फोन आला. बांधावर मोजणीवाले आलेत, उन्हात उभे आहेत बिचारे, त्यांच्यासाठी चहा टाकलाय म्हणाली.