देवीपुढे ठेवलेलं सामान

बेहाला, वसंतपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय शर्मिला,

बंगळुरूहून तू रोज फोनवर विचारतेस, नाच झाला का, चित्रकला झाली का, पोहणं झालं का. काल काहीच झालं नाही. सरस्वतीपूजेला गल्लीतल्या मंडपात आपल्या टुपुरनं पुस्तकांबरोबर घुंगरू, रंगपेटी, पोहण्याची टोपीही देवीपुढे ठेवली. पूजेच्या दिवशी त्यांना हात लावायचा नसतो, म्हणून ती दिवसभर आजीच्या मांडीवर लोळली.

आज सामान आणायला गेलो, तर टुपुर पुरोहितांना म्हणाली, "ठाकूरमोशाय, देवीला आवडलं असेल तर राहू दे तिच्याकडेच."

ते हसले. "अगं, देवी एकटी किती क्लासना जाईल?"

"मी पण एकटीच जाते."

सहा वर्षांची आहे ती. आठवड्यातली एक संध्याकाळ तरी तिला घरी राहू दे, एवढंच मला सांगायचं आहे. पण तू म्हणशील, "तू आठवीत शाळा सोडलीस, म्हणून तिनंही मागेच राहायचं का?" म्हणून हे पत्र मी बहुधा टपालपेटीत टाकणार नाही.

सामान मीच उचलून आणलं. नाचाची वेळ झाली, तेव्हा ती रडली नाही. जमिनीवर बसली आणि घुंगरू बांधायला दोन्ही पाय माझ्यापुढे केले.

तुझा,
निमाई