रेणू गप्प बसली म्हणून

मंगळवार, संध्याकाळ

मी संशोधन शिकतेय की पोरांना मार मिळवून देतेय? सकाळी पेडगावच्या अंगणवाडीत चार वर्षांच्या रेणूला चित्रं दाखवून त्यांची नावं विचारली. ती गप्प. गप्प राहणं हेही उत्तरच, असं माझे मार्गदर्शक सर सांगतात. तसं लिहून घेतलं.

दुपारी परतताना शेळ्या घेऊन निघालेली तिची आई भेटली. "म्याडम, रेणी तुमच्यापुढं बोललीच न्हाई म्हणं. नापास झाली का वो? लय हाणलं मी तिला."

यात पास-नापास नसतं, हे तिची संमती घेताना सांगितलं होतं. तेव्हा तिनं मान हलवली होती. समजलं असं मीच गृहीत धरलं.

तेवढ्यात आईमागून रेणू हुंदके देत सांगायला लागली, "कोंबडी, बादली, कात्री..."

सगळी बरोबर. "राहू दे गं बाळा," म्हणत जवळ घेतलं, तरी थांबेचना.