नारळाच्या झाडाचं नाणं

आई, तुझं नाणं खरं निघालं.

मी तेव्हा चौथीत. तू शिकवायचीस ती वळसंगची शाळा सुटल्यावर आपण दोघी मंगळवार बाजारात गेलो होतो आणि भांडी घ्यायची सोडून तू मोडीतल्या भंगाराच्या टोपलीतून एक तांब्याचं नाणं उचललंस. एका बाजूला राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नारळाचं झाड आणि इंग्रजांच्या कुठल्याशा बेटाचं नाव. तिथून तू तडक नव्या पेठेत, सराफाच्या दुकानात. सराफ ते उलटसुलट करून बघतो आणि हसतो. "बाई, खोटं हाय की हे. असलं नाणं कुटंच चाललं न्हाय. पोरीच्या फ्रॉकला गुंडी करा." दुकानातले सगळे हसतात. मीसुद्धा हसले. तू शांतपणे म्हणालीस, "चाललं नाही म्हणूनच कड इतकी कोरी आहे."

घरी येईपर्यंत तू मला समजावत होतीस. टांकसाळीत आधी नमुना पाडून बघतात. वरून मंजुरी आली नाही, तर ते नाणं कुणाच्या हातात पडतच नाही. दुसऱ्या दिवशी तुला खूश करावं म्हणून मी स्वयंपाकघरात चिंच घेऊन ते घासायला बसले, तर तू हातावर फटका मारलास. "त्याचा रंग त्याला राहू दे!" दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

परवा इथल्या नाण्यांच्या प्रदर्शनात मुंबईचे एक जाणकार आले होते. भिंगातून बराच वेळ बघून त्यांनी वजन केलं, सोबतचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि उभेच राहिले. "बेटासाठी पाडलेला नमुना आहे हा. चलनात आलाच नाही. मी आजवर फक्त चित्रात पाहिला होता. कुणी घासला नाही, हे फार बरं झालं." गर्दी जमली. मी एवढ्या मोठ्यानं बोलले की मलाच नवल वाटलं, "माझ्या आईनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई. तुझ्यासाठी.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी एक सांगून टाकते. प्रदर्शनाच्या अर्जावर मालक म्हणून मी तुझं नाव लिहिलं आणि खाली सहीही तुझीच केली. हात जरासुद्धा अडखळला नाही. सहावीत गणितात नापास झाले होते, तेव्हा प्रगतिपुस्तकावर ती मीच केली होती.