पावसात तासलेलं दार

हिदा, जानेवारी

अहो,

तुमच्या अस्थी पुरून तीन महिने झाले. जूनच्या पावसात आपलं सरकतं दार फुगून अडकलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आत्ता रंधा नको. लाकूड सुकलं की फट पडेल." मला कुठला धीर! शेजारणींसमोर टोमणा मारला, "गावभर दारं बसवता, आणि घरचं उघडत नाही!" तुम्ही रंधा काढून दार तासलंत.

आता फटीतून बर्फ आत येतोय. शिगेझो भावजी म्हणाले, "वहिनी, पट्टी ठोकून देतो." मी हाकलून दिलं त्यांना. चूक माझी, मग तुमच्या कामाला ठिगळ का?

जूनमध्ये दार पुन्हा फुगेल, नेमकं बसेल, एका बोटानं सरकेल. सरकवून आत कोण येणार हो?

तुमची तोंडाळ,
तोमिए