चर्र, झाकण, बांगड्या

तीर्थस्वरूप वहिनी यांना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबर धरते, कारण गेले तीन आठवडे मी ऑफिसातून आलो की ओट्याशी उभा असतो. का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मुलं मजेत असतील. आम्ही दोघं ठीक आहोत. दादाही ठीक आहे, असं तो स्वतः म्हणतो. त्याची पँट मात्र तसं म्हणत नाही. परवा त्याने खिळा तापवून पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आमचं घर दोन खोल्यांचं, मधली भिंत पुठ्ठ्याची, आणि फोनवर तुमचा आवाज आला की दादा एकदम वर्तमानपत्र वाचायला घेतो. (इथलं वर्तमानपत्र. त्यातलं एक अक्षर त्याला कळत नाही.) शिवाय तुम्ही विचारता, "हे आहेत का तिथे?" मी हो म्हटलं की तुम्ही "बरं, ठेवते" म्हणून ठेवता. म्हणून पत्र लिहितो आहे. दादा आंघोळीला गेला आहे, त्यामुळे अर्धा तास हातात आहे.

तुमच्या भांडणात मी पडत नाही. दादाची बाजू मी वीसदा ऐकली आहे, तुमची एकदाच ऐकली, आणि मला दोन्ही पटल्या, इथेच माझा पहिला गोंधळ आहे. चौतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला की तो स्वयंपाकघराकडे बघणार, हे समजण्यासारखं आहे. त्याने तुमच्या सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, हेही एक वेळ समजू शकतो. पण बरण्या अक्षरांच्या क्रमाने लावल्या, त्यामुळे साखर आणि सोडा शेजारी आले, आणि तुमचा हात सवयीने जिथे जायचा तिथे जाऊन विहीणबाईंच्या चहात सोडा पडला, हे ऐकून मीही हातातला चहा खाली ठेवला. तुम्ही सगळ्या चिठ्ठ्या भिजवून काढल्यात आणि म्हणालात, "आता माझ्या कपाळावरही एक चिकटवा." बास. दादाला ते लागलं आणि तो विमानात बसून माझ्याकडे आला. लोक रागावून फार तर गच्चीवर जातात.

आता मुद्द्याचं. त्याचं परतीचं तिकीट चोवीस तारखेचं आहे. मागच्या सोमवारी जेवताना तो म्हणाला, ते रद्द कर, मी व्हिसाची मुदत वाढवून घेतो, तुम्हाला माझा आधार होईल. वहिनी, आम्हाला दादा जड नाही. पण तो इथे राहिला तर तिथे नसेल, एवढं गणित मलाही येतं, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

त्यात त्याने खाणं सोडलं आहे. म्हणजे ताटावर बसतो, पण भात इकडून तिकडे ढकलतो. पहिल्याच रविवारी आम्ही कोपऱ्यावरून पिझ्झा आणला. दादाने एक घास घेतला आणि ठेवला. म्हणाला, "हा सॉस आहे? सॉस असावा तर घरचा." (तुमचं नाव तो घेत नाही. 'घरचा' म्हणतो.) दर रविवारी तुम्ही मुलांसाठी तव्यावर पिझ्झे करायचात, तेव्हा हाच माणूस "हे काय पोराटोरांचं खाणं" म्हणत चार खायचा. मी ठरवलं, तो सॉस इथे करायचा. दादाच्या पोटात काहीतरी जाईल, आणि पोटात गेलं की डोक्यातलं उतरेल.

इथे एकच दुकान आहे, चढावर. डब्यांवरचं मला वाचता येत नाही (सहा वर्षांत मी 'उघडं' आणि 'बंद' एवढेच दोन शब्द शिकलो), म्हणून मी चित्रावर विश्वास ठेवतो. टोमॅटोचं चित्र असलेला डबा आणला, उघडला, तर आत टोमॅटोच्या रसात मासे झोपलेले. दादाने चष्मा लावून ते मोजले. सात होते. मग ताजे टोमॅटो आणले. ते क्रिकेटच्या चेंडूसारखे टणक आणि रंगाने आजारी. तासभर शिजवूनही त्यांनी रंग म्हणून सोडला नाही. मग वाळलेल्या हिरव्या पानांची बाटली आणली, सढळ हाताने घातली, आणि सॉसला फेस आला. बाटली घेऊन दुकानात गेलो. दुकानदारीण बाई माझ्याकडे, मग बाटलीकडे बघून खुर्चीत बसून हसली, आणि मग तिने चप्पल काढून हावभावांनी दाखवलं की ही पानं थकलेले पाय गरम पाण्यात बुडवून बसण्यासाठी आहेत. त्या दिवशी त्यात मी खरोखरच पाय बुडवून बसलो. तेवढाच उपयोग.

शेवटी मी दादाला विचारलं, वहिनी सॉस करतात तरी कसा? तीस वर्षं दादा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रामागे बसायचा, आत कधी डोकावला नाही. पण वहिनी, त्याला तो सॉस आवाजाने पाठ आहे! डोळे मिटून त्याने सांगितलं: आधी चर्र, लगेच झाकण, मग बांगड्या, मग बराच वेळ काही नाही, मग तीनदा टिंग, मग पुन्हा बांगड्या, पण हळू. मी विचारलं, पहिल्या बांगड्या किती वेळ? म्हणाला, "ठळक बातम्यांपासून हवामानापर्यंत." मी तसं कागदावर लिहून घेतलं. दुसरं करणार काय? चर्र म्हणजे लसूण, हे जमलं. झाकण जमलं. बांगड्यांसाठी हिला लग्नातल्या बांगड्या काढायला लावल्या आणि ढवळायला उभं केलं, दादा बाहेर डोळे मिटून बसला. दोन मिनिटांनी बाहेरून हुकूम आला, "इतक्या घाईत नाही." हिने (तुमच्या धाकट्या जावेने, जिने माझं आजवर काही ऐकलेलं नाही) मुकाट्याने हात हळू केला. पण ते तीन टिंग कसले, हे काही केल्या कळेना. मी पेला वाजवला, कढई वाजवली, दाराची घंटासुद्धा वाजवून पाहिली. प्रत्येक वेळी बाहेरून एकच, "नाही." आणि शेवटच्या 'नाही'नंतर तो उठून पुन्हा ते न कळणारं वर्तमानपत्र घेऊन बसला. वहिनी, मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

तर ते टिंग म्हणजे काय आणि त्यानंतर तुम्ही काय घालता, एवढं कळवा, म्हणून हे पत्र

इथपर्यंत लिहिलं आणि उठावं लागलं. आता दुपार आहे. मधल्या वेळात जे झालं ते कसं सांगू कळत नाही, पण सांगतो.

दादा निघताना तुम्ही त्याच्या बॅगेत कॉफीची एक मोठी बाटली घातली होती. इथे आल्यावर बॅग उघडून त्याने ती पाहिली आणि त्याचा राग दुप्पट झाला. "पित्तामुळे मी कॉफी कधी प्यायलो नाही, हे हिला तीस वर्षांत कळलं नाही!" बाटली त्याने कपाटावर ठेवली आणि बजावलं की कुणी हात लावायचा नाही, हा पुरावा आहे. येईल त्याला तो पुरावा लांबून दाखवायचा. आज सकाळी आमच्या घरातली कॉफी संपली आणि ही माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की मी पत्र टाकून उठलो. दादा आंघोळीत होता. मी पुरावा खाली काढला, झाकण फिरवलं, आतलं प्लॅस्टिक सोडलं, आणि नाकात गेला लसूण, ओवा, वाळवलेल्या टोमॅटोची पूड आणि आणखी काय काय, तुमचं तुम्हाला माहीत.

वहिनी, मला काही कळेना. मी बाटलीवरचं नाव वाचलं. आत बघितलं. पुन्हा नाव वाचलं. सहा वर्षं इथे राहून मी पार बिघडलो आहे. आपल्या घरात कॉफीच्या बाटलीत कधी कॉफी होती का? तुपाच्या बरणीत डाळं, औषधाच्या डब्यात शर्टाची बटणं, असंच बघत मी मोठा झालो. आणि दादा तर तुमच्या त्या बरण्यांबरोबर तीस वर्षं राहतो आहे! मी चमचाभर पूड काढली आणि चमचा साफ व्हावा म्हणून बाटलीच्या काठावर आपटला. टिंग, टिंग, टिंग.

न्हाणीतलं पाणी बंद झालं. आतून दादा ओरडला, "हाच!" आणि टॉवेल गुंडाळून, एका कानावर साबण घेऊन, बाहेर आला. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वास घेतला आणि तिथेच स्टुलावर बसला. मी म्हटलं, दादा, वहिनींनी निघताना दिली ती. तो म्हणाला, "चिडली होती ना माझ्यावर? मग हे कधी बांधलं?" मी त्याला कानावरचा साबण दाखवला.

त्याच रोगट टोमॅटोंचा सॉस केला. दादा दुपारी पाच पिझ्झे जेवला. मग त्याने कात्री, कागद, डिंक मागितला. माझ्या काळजात चर्र झालं, म्हटलं, पुन्हा सुरू! त्याने सुबक चिठ्ठी कापली, ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि बाटलीवर चिकटवली. मी जवळ जाऊन वाचलं. त्यावर लिहिलं होतं, 'कॉफी'.

लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा गोंधळलेला,
धाकटा दीर

ता. क. रेसिपीची गरज उरली नाही असं समजू नका. दादा बाटली उशाशी घेऊन बसला आहे, आम्हाला चमचाभरही देत नाही. आमच्यासाठी वेगळी पाठवा. शक्यतो चहाच्या डब्यात, म्हणजे त्याला संशय येणार नाही.

ता. क. (दादाच्या अक्षरात) पत्र वाचलं. पिझ्झे चारच होते. रिकामी बाटली घेणाऱ्याने स्वतः स्टोअरला जमा करायची असते, असा चौतीस वर्षांचा नियम आहे. चोवीस तारखेला जमा करतो. तुझी साखर तुला हवी तिथे ठेव. चिठ्ठी लावणार नाही, मी विचारीन.

ता. क. (पुन्हा मी) पिझ्झे पाचच होते. आणि घरात कॉफी अजून नाहीच.