आईची हद्द

नॉर्थ डकोटा,
१२ ऑक्टोबर १९३८

प्रिय आर्ने,

इकडे सगळे बरे आहेत. बटाटे काढून झाले, तांबडी गाय व्याली. तुझा गुडघा कसा आहे?

आता रागाचं. आईच्या थडग्यावरच्या दगडावर नुसतं 'निल्सची पत्नी' एवढंच कोरायला सांगितलंस म्हणे! दगडवाल्यानेच मला सांगितलं. अरे, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगायचीस.

लग्नाआधी आई एकटी इथे आली आणि स्वतःच्या नावावर सरकारी जमीन घेतली. शेजारचा तुकडा बाबांचा. आपापल्या जमिनीवर राहिलं नाही तर ती सरकार परत घ्यायचं, म्हणून लग्नानंतर दोघांनी घर बरोब्बर बांधावर उभं केलं. पलंगसुद्धा मधोमध, आई तिच्या हद्दीत झोपायची, बाबा त्यांच्या. चूल आईच्या हद्दीत. "जेवायला मला रोज बायकोच्या गावी जावं लागतं," असं बाबा म्हणायचे, आठवतं? आणि आई म्हणायची, "मग पाय पुसून या!"

बाबा उन्हाळाभर रेल्वेच्या कामावर असायचे. मग ते माळरान नांगरलं कुणी? तू पोटात असताना बैलांमागे कोण चालत होतं? गारांनी गहू झोपवला त्या वर्षी घराच्या भिंती कुणी लिंपल्या?

आणि आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये पाद्री म्हणतात, "निल्सने माळ पिकवला, गुनहिल्डने त्याला साथ दिली." नंतर कॉफीच्या वेळी तुझी सिग्ने मला म्हणाली, "आत्या, मला नांगर धरायला आजीने शिकवलं. हे त्यांना कुणी सांगितलंच नाही का?"

मी नुसती कॉफी ओतत राहिले.

कारण सांगणारी मीच होते, आर्ने. आदल्या दिवशी पाद्री माहिती लिहून घ्यायला आले. त्यांनी विचारलं, "आई काय करायची?" मी पाव भाजत होते. घाईघाईत म्हटलं, "काही नाही, घरीच असायची." तुझ्यावर ओरडतेय खरी, पण त्याहून जास्त चीड मला माझीच येते.

काल जाऊन चर्चच्या वहीत दुरुस्ती करून घेतली. दगडवाल्यालाही थांबवलंय. आता कोरायचं ते असं: 'गुनहिल्ड. ही जमीन हिने घेतली, हिनेच नांगरली.' दगड बाबांच्या शेजारीच लावू.

मान्य नसेल तर घरी ये आणि तोंडावर सांग. जेवूनच जा. चूल अजून आईच्याच हद्दीत आहे, तेव्हा पाय पुसून ये.

तुझी ताई,
गुनहिल्डची मुलगी रग्ना