नळी घातलेली नाही

३ नोव्हेंबर

शिहाताकाका परत आले. नाईलवर होडी चालवतात. तीन वर्षांपूर्वी इथेच त्यांचा मुतखडा काढला होता. एक्स-रे लावून पाहिला. किडनीपासून मूत्राशयापर्यंत घातलेली नळी अजून आतच! ती सहा आठवड्यांत काढायची असते. तिच्यावर आता खड्यांचे थर चढलेत.

आमचे विभागप्रमुख वगीह सर त्यांच्यावरच भडकले. बरं वाटलं की तुम्हा लोकांना दवाखाना आठवत नाही, आता ही किडनी गेलीच समजा, वगैरे. काका खाली मान घालून, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "चूक माझी. या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच आलो नाही."

मी सांगितलंच नव्हतं. बोलणी खाऊन म्हातारा गोंधळला असणार. मी तोंड उघडलं नाही.

४ नोव्हेंबर

तो दिवस स्वच्छ आठवतो. मी इथे नुसता शिकाऊ होतो आणि कोणाला कुठली शाखा, त्याची यादी लागली होती. हृदयरोग चार गुणांनी हुकला, मूत्ररोग मिळाला. (आई शेजारणींना अजून 'किडनीचा मोठा डॉक्टर' एवढंच सांगते — खालचं सगळं गाळून!) यादी बघायला पळायचं म्हणून घरी जाणाऱ्या बारा जणांचे कागद एका दमात खरडले. सगळ्यांवर एकच वाक्य — नळी घातलेली नाही.

अकरा जणांच्या बाबतीत ते खरं होतं.

तो कागद काकांनी जपून ठेवला असेल का? नसावा. नसू दे.

७ नोव्हेंबर

किडनी पार निकामी झाली होती. काढली. सरांनी टाके मला घालू दिले, वर शाबासकी. कायम नेमणुकीसाठी माझंच नाव देणार म्हणे. लाजेने मेल्यासारखं झालं. तरी 'आभारी आहे सर' म्हणालोच.

८ नोव्हेंबर

आजही नाही सांगितलं.

१० नोव्हेंबर

काकांची बायको घरची फतीर घेऊन आली, पापुद्र्यांची पोळी, तुपाने निथळणारी. नवऱ्याचा जीव वाचवलात म्हणाली. मी खाल्ली — दोन खाल्ल्या! किती निर्लज्ज असावं माणसाने. इन्साफ सिस्टरने विचारलं, चेहरा का उतरलाय? म्हटलं, जेवण जड झालंय.

१२ नोव्हेंबर

काका आज घरी गेले. त्याआधी खाटेपाशी बसून सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. उशीखालून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. खाली माझी सही. त्यांचा जावई शाळामास्तर आहे. इथे येण्याआधीच त्याने तो वाचून दाखवला होता.

"मग सरांना खोटं का सांगितलंत?"

"एक तुमच्यामुळे गेली," काका म्हणाले, "आता दुसरीला तुम्ही जन्मभर डोळ्यांत तेल घालून जपाल. दुसरा डॉक्टर कशाला जपेल?"